वाळवणातली साखर

उन्हाळी वाळवणांची यादी कोणत्याही घरात विचारा, ती लांबलचक निघेल. गव्हाच्या कुरडया, तांदळाच्या फेण्या, साबुदाण्याच्या पापड्या, पोह्याचे पापड, बटाट्याचा कीस, कोहळ्याचे सांडगे. आणि शेजारच्या कन्नड घरात डोकावलात तर अक्की हप्पळ आणि तऱ्हेतऱ्हेची संडिगे. या सगळ्यांत मीठ आहे, जिरे आहे, हिंग आहे, मिरची आहे, तीळ आहे. साखर मात्र जवळजवळ कोठेच नाही.

ही गोष्ट नवलाची वाटली पाहिजे. कारण आपला मुलूख उसाचा. एकीकडे उगार, एकीकडे संकेश्वर, पलीकडे कोल्हापूर आणि महालिंगपूर येथील गुळाच्या पेठा. गोडाचे आपल्याला वावडे आहे असेही नाही. कुरडया करायच्या दिवशी शिजलेला गरम चीक तूप-साखर किंवा गूळ घालून घरातली पोरे वाटी वाटी चाटून खातात. पण लक्षात घ्या, साखर पडते ती वाटीत. सोऱ्यात जाणाऱ्या चिकात ती कोणी घालत नाही. हा नियम कोणत्या पुस्तकात लिहिलेला नाही, तरी तो घरोघर पाळला जातो. त्याच्यामागे काय आहे, हे शोधणे विज्ञान शाखेत बसणाऱ्या आपल्यासारख्यांचे काम आहे. आणि ते काम आपण करत नाही, हीच माझी तक्रार आहे.

प्रथम आणखी दोन दाखले पाहू. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या आत्रेयपुरम गावचे पूतरेकुलु प्रसिद्ध आहेत. तांदळाच्या अगदी पातळ पिठात कापड बुडवून ते तापलेल्या उपड्या मडक्यावरून फिरवतात; क्षणात कागदासारखा पापुद्रा सुटतो. पक्वान्न गोड आहे, पण पापुद्र्याच्या पिठात साखर नसते. पापुद्रा वाळल्यावर त्यात तूप आणि पिठीसाखर किंवा गुळाची पूड घालून घडी घालतात. दुसरा दाखला आपल्या बेळगावचाच: मांडे, कन्नडमध्ये मंडिगे. तेथेही पिठीसाखर कोरडीच आत जाते. पाक करून तो कणकेत कोणी मुरवत नाही. कुरडई, पूतरेकुलु, मांडे. भाषा तीन, प्रांत तीन, पण शहाणपण एकच. पातळ पापुद्रा कुरकुरीत हवा असेल तर साखरेला पाण्यात विरघळून त्याच्या अंगात शिरू देऊ नका.

आता कारण पाहू. कुरडईचा चीक म्हणजे पिष्ट, ज्याला आपण वर्गात स्टार्च म्हणतो. थंड पाण्यात त्याचे कण नुसते तळाशी बसतात. साठ-सत्तर अंशांपुढे तापवले की ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आतल्या लांब साखळ्या बाहेर येतात आणि सगळे मिश्रण चिकट व पारदर्शक होते. हा चीक पातळ पसरून वाळवला की साखळ्या एकमेकींना धरून बसतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. साखरेचा पहिला उपद्रव येथेच होतो. तीही पाण्याची तितकीच ओढाळ. ती आधीपासून भरपूर असेल तर स्टार्चच्या वाट्याचे पाणी आपल्याकडे खेचते. कण फुगायला जास्त उष्णता लागते आणि चीक कच्चा राहण्याचा संभव वाढतो. म्हणून साखर घालायचीच असेल तर ती चीक पूर्ण शिजल्यावर घालावी.

खरी गंमत वाळण्यात आहे. समजा, पाच ग्रॅम स्टार्च शंभर ग्रॅम पाण्यात शिजवला आणि त्यात एक ग्रॅम साखर घातली. साखरेच्या रेणूचे वजन ३४२, पाण्याच्या रेणूचे १८. हिशेब केला तर साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे एकोणीसशे रेणू येतात. एवढ्या गर्दीत त्या एकट्या रेणूचे काय चालणार? पृष्ठभागावरून पाणी उडण्याचा वेग ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा ठरवतात. साखरेचे ताट आणि बिनसाखरेचे ताट या टप्प्यात जवळजवळ बरोबरीने वाळतात. दुपारी बाराला पाहणाऱ्याला वाटते, काही फरक नाही.

पण पाणी कमी होत जाते आणि साखर मात्र आहे तेवढीच राहते. शंभरातले नव्व्याण्णव ग्रॅम पाणी उडून एकच ग्रॅम उरले, की साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे फक्त एकोणीस रेणू उरतात. आता ती त्यांना सहज सोडत नाही. साखरेने पुरते भरलेल्या द्रावणावर, म्हणजे पंचवीस अंशांना एका भाग पाण्यात दोन भाग साखर विरघळलेली असताना, बाष्पाचा दाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ८५ टक्केच असतो. हवेतच ८५ टक्के आर्द्रता असेल, तर अशा द्रावणातून पाणी बाहेर पडायचे कारणच उरत नाही. म्हणजे साखर वाळवणाची सुरुवात अडवत नाही, शेवट अडवते. आणि वाळवणात फसवणूक होते ती शेवटालाच. याच टप्प्यात पाण्याला आतून वर यावे लागते आणि त्या प्रवासाचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. पापडी दुप्पट जाड केली तर दुप्पट नव्हे, चौपट वेळ.

साखरेच्या जागी गूळ घातला तर? गुळात बहुतांश उसाचीच साखर असली तरी तिच्याबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षारही असतात. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा रेणू १८० वजनाचा, म्हणजे त्याच वजनात जवळजवळ दुप्पट रेणू. शिवाय फ्रुक्टोज फार पाणचट स्वभावाचे. शुद्ध साखरेचे स्फटिक खोलीच्या तापमानाला सुमारे ८५ टक्के आर्द्रतेपुढे विरघळू लागतात; फ्रुक्टोजला साठीच्या घरातली आर्द्रताही पुरते. पावसाळ्यात गुळाची ढेप घाम गाळते ते का, हे यावरून कळेल. जो गूळ स्वतःलाच कोरडा ठेवू शकत नाही, तो पापडीला काय कोरडी ठेवणार?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग साखर वाईटच. तसे नाही. नुसत्या स्टार्चचा पापुद्रा वाळताना आकसतो आणि ताटाला चिकटलेला असला की तडकतो. वाळल्यावर तो ठिसूळ होतो, घडी घालावी तर तुटतो. साखरेचे छोटे रेणू स्टार्चच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. दाराच्या बिजागरीत तेल घातल्यासारखे ते काम आहे. त्यामुळे पापुद्रा लवचीक राहतो, तडा जात नाही. आंबापोळी आणि फणसपोळी वळकटी करून ठेवता येतात त्या त्यांच्यातल्या साखरेमुळेच. तेथे कुरकुरीतपणा कोणाला हवा असतो? माहीमच्या हलव्याची गोष्टही तशीच. त्यात पीठ आणि साखर दोन्ही आहेत, पण त्याचे पाणी उन्हाने नव्हे, चुलीवर आटवून काढतात. मग तूप लावून कागदावर लाटतात. साखरेला जागा आहे, पण ती जागा ओळखली पाहिजे.

ही जागा ओळखण्यात एक अडचण आहे, ती म्हणजे आपला हात. पापडी वाळली की नाही हे आपण बोटाने दाबून आणि मोडून ठरवतो. मिठाच्या पापडीपुरते हे ठीक आहे. साखरेच्या पापडीत बोट दोन्हीकडून फसते. एक फसगत अशी, की पाकातून गोठलेली साखर ही एक प्रकारची काच असते. काच तापली की मऊ होते, निवली की कडक. पूर्ण कोरड्या साखरेची ही काच साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान मऊ होऊ लागते, ग्लुकोजची तीस अंशांच्या आसपास, फ्रुक्टोजची तर त्याच्याही बरीच खाली. आणि थोडेसे पाणी असले की हा आकडा झपाट्याने उतरतो. वैशाखातल्या दुपारी गच्चीवरची पापडी चांगली तापलेली असते. ती पुरेशी वाळली असली तरी हाताला चिकट लागते. बाई म्हणते, अजून ओली आहे, राहू दे. ती रात्रभर बाहेर राहते आणि पहाटेच्या दवाने खरोखर ओली होते.

दुसरी फसगत याच्या उलट आणि जास्त धोक्याची. कडक उन्हात वरची साय लवकर आवळते, साखरेने तिला तकाकी येते, वरून कडक लागते, आणि आतले पाणी आतच अडकून पडते. डबा भरला जातो. दोन आठवड्यांनी आतले पाणी सगळीकडे सारखे पसरते आणि झाकण उघडल्यावर बुरशीचा वास येतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे वाळवणालाही लागू आहे.

मग खरे मोजमाप कोणते? ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली दाखवले की अन्नात किती पाणी आहे यापेक्षा त्यातले किती पाणी मोकळे आहे यावर जिवाणूंची वाढ ठरते. या मोकळेपणाला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ धरतात. ०.६ च्या खाली कोणतीच बुरशी वा जिवाणू वाढत नाही. पुढे १९८० च्या दशकात लुईस स्लेड आणि हॅरी लेव्हाइन या अमेरिकेतील संशोधकांनी काचेचा विचार अन्नाला लावला आणि एवढ्या एका आकड्यावर भागत नाही, पदार्थ काचेसारखा आहे की रबरासारखा हेही पाहावे लागते, असे सांगितले. एकाने पापडी खराब होईल का ते सांगितले, दुसऱ्यांनी ती चिकटेल का ते. गोड पापडीच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. आंबापोळी मऊ असूनही टिकते, कारण तिच्यातले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते. आणि वरून कडक लागणारी पापडी नासते, कारण तिच्या पोटातले पाणी मोकळे असते.

तळणीचाही विचार करू. पापडी तेलात फुलते ती तिच्यात उरलेल्या थोड्या पाण्याची एकदम वाफ होते म्हणून. खोलीतल्या साधारण हवेत वाळलेल्या स्टार्चमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास पाणी असतेच, आणि ते असायलाच हवे. भट्टीत घालून ते सगळे काढले तर पापडी फुलणार नाही. साखर असली की कढईत पंचाईत होते. पापडी नीट फुलायच्या आत साखर करपून तांबडी-काळी होते, आणि फुलणेही कमी पडते. पुन्हा आजीचा नियमच खरा ठरतो: तळायच्या वाळवणात गोड नको.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सगळे कोणाच्या कामाचे आहे? वाळवण ही आता घरच्या डब्यापुरती गोष्ट राहिलेली नाही. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, ही हकीगत सर्वांना ठाऊक आहे. आज आपल्या जिल्ह्यातही गावोगावी बचत गट वाळवणे विकतात. ग्राहकाला नवे काही हवे असते, म्हणून गटातली एखादी हुशार बाई गोड पापडी करून पाहते, गुळाची करते, आंब्याचा रस घालून करते. माल ज्येष्ठात चांगला असतो आणि श्रावणात चिकटतो. दुकानदार परत पाठवतो. तोटा तिचा होतो आणि दोषही तिच्याच माथी बसतो: नीट वाळवले नाही म्हणून. वास्तविक तिने वाळवण्यात कसूर केलेली नसते. साखर मिसळलेला पापुद्रा कोरड्या हवेत शहाण्यासारखा वागतो आणि दमट हवेत एकाएकी पाणी ओढतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. चैत्रातल्या उन्हात तपासलेल्या मालाची खरी परीक्षा तेव्हा होते.

जी गोष्ट पापडीची, तीच उद्याच्या वेष्टनांची. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि स्टार्चपासून खाता येणारे वेष्टन करावे ही कल्पना पुन्हा जोरात पुढे आली. चांगली कल्पना आहे. परंतु नुसत्या स्टार्चचा पापुद्रा ठिसूळ म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालतात. हे दोन्ही साखरेचेच भाऊबंद; लवचीकता देतात आणि पाणीही ओढतात. थंड कोरड्या देशातल्या प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले वेष्टन कोकणात किंवा खानापूरच्या पावसात कसे वागेल, हे येथेच मोजावे लागेल. दुसरा कोणी ते आपल्यासाठी मोजणार नाही.

म्हैसूरला १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण त्यांनी प्रत्येक गच्चीवर यावे ही अपेक्षा रास्त नाही. गच्चीच्या जवळ कोण आहे? आपले महाविद्यालय. आपण रसायनशास्त्राच्या तासाला राऊल्टचा नियम पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. तोच नियम दर चैत्रात आपल्या घराच्या गच्चीवर वाळत पडलेला असतो, हे आपल्या गावी नसते. पुस्तकातले शब्द इंग्रजी, स्वयंपाकघरातले शब्द मराठी आणि कन्नड, आणि मध्ये पूल नाही. पूल बांधायला फार मोठे अनुदान लागते असेही नाही.

काय लागेल ते सांगतो. एक बऱ्यापैकी तराजू आणि तीन सारखी ताटे. एकात नुसता चीक, दुसऱ्यात साखरेचा, तिसऱ्यात गुळाचा. जाडी सारखी, ऊन सारखे. दर अर्ध्या तासाने वजन करून आलेख काढायचा. पहिला उतार तिन्हींचा जवळजवळ एकच दिसेल आणि शेपटी वेगवेगळी होईल. वाळण्याचे दोन टप्पे फळ्यावर दहा वेळा समजावण्यापेक्षा हे एकदा पाहणे बरे. दुसरे, काचेची घट्ट झाकणाची बरणी आणि मीठ. मिठात थोडे पाणी घालून ओलसर लगदा केला की बंद बरणीतली आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. लगद्याला न लागता वर पापडीचा तुकडा टांगायचा आणि चार-सहा दिवसांनी त्याचे वजन व चिकटपणा पाहायचा. ऐन वैशाखात बरणीत पावसाळा तयार! तिसरे, बाजारात मिळणारा लहान आर्द्रतामापक. कोरड्या डबीत निवलेली पापडी चुरून भरायची, सोबत तो मापक ठेवायचा, झाकण लावायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. आलेल्या टक्क्यांना शंभराने भागले की पाण्याची क्रियाशीलता मिळाली. स्वस्त मापक थोडा चुकतो, म्हणून साठाऐवजी पंचावन्नच्या खाली आल्याशिवाय माल भरू नये, असे ठरवावे.

यातून बचत गटाला सांगता येतील अशा चार गोष्टी सहज निघतात. साखर चीक शिजल्यावर घाला आणि बेताने घाला. पापडी पातळ ठेवा. ती गच्चीवर तापलेली असताना नव्हे, सावलीत निवल्यावर तपासा, आणि सूर्य मावळायच्या आत आत घ्या. आणि गोड पापडी साध्या पुडीत नव्हे, हवाबंद पिशवीत विका. या चारही गोष्टींमागचे कारण आपण दाखवू शकलो, तर ती बाई पाचवी गोष्ट स्वतः शोधून काढेल. कारण हात तिचा आपल्यापेक्षा कितीतरी तयार आहे.

काही मित्र म्हणतील, आजीला सगळे ठाऊक होते, यात नवे काय? आजीला नियम ठाऊक होता, यात शंका नाही. पण आजीने गोड पापडी केलीच नाही. नियम मोडून नवे करायचे असेल तेव्हा नियमाचे कारण ठाऊक असावे लागते, आणि कारण प्रयोगाने कळते. दुसरे काही म्हणतील, पापड्या वाळवणे हे विज्ञान महाविद्यालयाचे काम नव्हे. आपण अणू आणि अवकाश शिकावे. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की ज्याला ताटातल्या शेवटच्या एक ग्रॅम पाण्याचा हिशेब लागत नाही, तो अवकाशाचा हिशेब कशाच्या जोरावर लावणार?

या मासिकाचे दोन विभाग आहेत. सांडगे आणि संडिगे हे शब्द एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत. पुढच्या उन्हाळ्यात हा प्रयोग दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावा, आकडे एकाच वहीत लिहावेत, आणि पुढच्या अंकात तेच आकडे एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये छापावेत. त्या अंकाच्या शंभर प्रती जादा काढून गावोगावच्या बचत गटांना वाटाव्यात. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात. वाळवणात मात्र एका ओल्या तुकड्यापायी डबाभर सुके नासते. तेवढे नुकसान जरी टळले, तरी आपल्या प्रयोगशाळेचे त्या वर्षीचे भाडे वसूल झाले असे मी समजेन.